नवमीला बांधलेला मच्चू

मी मच्चू बोलतोय. पुण्याकडची माणसं मला कोयता म्हणतील, पण आमच्या बंगळुरात, अगदी मराठी घरातसुद्धा, मी मच्चूच. स्वभावानं मी गरीब नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं काम तोडायचं, आणि ते मी आयुष्यभर मनापासून केलं. एकदाच वेळेवर करू दिलं नाही मला. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म होसकोट्याच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका लॉरीचा कमानपाटा होतो. खड्ड्यांतून ओझी वाहून पाठ मोडली आणि भंगारात आलो. लोहारानं मला लालबुंद होईपर्यंत भाजलं, ऐरणीवर आडवं घातलं आणि दोघा गड्यांनी घणाखाली बडवून काढलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होतं, तरी मार काही चुकला नाही. शेवटी तापल्या अंगानं पाण्यात बुडवलं तेव्हा मी असा फुत्कारलो की लोहाराचं कुत्रं पळून गेलं. तो राग अजून माझ्या अंगात आहे.

मला विकत घेतलं प्रतापरावांनी. चामराजपेठेत राहणारं हे मराठा घराणं. पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले म्हणतात. तलवारी कधीच्या गेल्या होत्या, उरला होता फक्त नाकावरचा राग. प्रतापराव एका यंत्रांच्या कारखान्यात फोरमन होते. मनगट असं जाड की माझी मूठ त्यांच्या हातात काडीसारखी वाटायची. त्या हातात मला फार आवडायचं. सुट्टी आली की ते लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप काढत आणि मला घेऊन कनकपुऱ्याच्या रानात शिरत. मी बांबू तोडले, काटेरी जाळ्या साफ केल्या. एकदा अंगावर आलेल्या रानडुकराच्या मानेत मी मुठीपर्यंत रुतलो होतो. घरी त्याचं मटण शिजलं आणि चार घरांत वाटलं गेलं. माझं नाव कुणी काढलं नाही. माणसांची ही सवयच आहे.

घरात चार माणसं. प्रतापराव, त्यांची आई कस्तुराबाई, बायको वसुमती आणि धाकटा भाऊ रघुपती. वडील लवकर गेल्यामुळे रघूला प्रतापरावांनीच वाढवलं. वाढवलं म्हणजे बडवलं. तो पडला की आधी थप्पड, मग हळद. पण दुसऱ्या कुणी त्याच्याकडे डोळा वटारून पाहिलं तर प्रतापरावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. प्रेम करायची त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती.

वसुमती गोकाककडची. घटप्रभेत पोहत वाढलेली. लग्न होऊन बंगळुरात आली आणि तिच्या वाट्याला नळाचं पाणी आलं. रघूलाही डोंगर, नदी, रान यांचं वेड. वहिनी-दिराचं त्यावरून छान जमायचं. त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत तिघांनी जीप घेऊन बाहेर पडायचं असं वसुमतीनं ठरवलं, आणि मागच्या अंगणात रांगोळीनं बेत आखायला बसली. मी तिथंच नारळाच्या ढिगावर पडलो होतो.

तिनं निळ्या रांगोळीनं कावेरी काढली. पहिला मुक्काम संगमावर, जिथं अर्कावती कावेरीला मिळते. तिथं वाळूत तंबू ठोकायचा. दुसरा मुक्काम शिवसमुद्रला, धबधब्याखाली. तिसरा बिळिगिरीरंगाच्या डोंगरात. तिथं रात्री शेकोटी हवी, हत्ती फिरतात. चपात्या पहिल्या दिवसापुरत्या, पुढं अवलक्की, म्हणजे पोहे, आणि चटणीपूड. बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही निघायची घाई झाली.

"रजा एवढी नाही," प्रतापराव म्हणाले. "दसऱ्याच्या सकाळी निघू. एक जागा गाळ."

"नवमीलाच निघू या की, अण्णा," रघू म्हणाला. "पूजा झाली की लगेच. तिन्ही जागा होतात."

"नवमीला हत्यारं पूजेत असतात. मच्चूशिवाय रानात जायचं?"

"मग नेऊ मच्चू. तो काय देव्हाऱ्यातनं उठून ओरडणार आहे?"

शब्दानं शब्द वाढला. रघू म्हणाला, "अण्णा, तुम्हाला डुकराची भीती नाही, पण आईची आहे." प्रतापरावांचा हात फाडकन त्याच्या कानाखाली बसला. रघू रांगोळीवर कोसळला, ओठ फुटला आणि निळ्या कावेरीत रक्ताचे थेंब पडले. वसुमती मध्ये उभी राहिली. "आता मला मारा," ती म्हणाली. प्रतापराव दात खात उभे राहिले, आणि मग त्यांनीच आत जाऊन हळद आणली.

तोड काढली कस्तुराबाईंनी. आमच्याकडे खंडे नवमीला, इकडे म्हणतात त्या आयुधपूजेला, घरातली सगळी हत्यारं मांडतात. मी, विळी, हातोडा, पाने, अगदी कात्रीसुद्धा. त्या दिवशी कुणी हत्यार उचलायचं नाही. दशमीला उत्तरपूजा झाली की मग काम. वर्षातून तो एक दिवस मी देव व्हायचो आणि कंटाळून जायचो.

त्या नवमीला कस्तुराबाईंनी मला कुंकू लावलं, म्यानात घातलं आणि म्यान नि मूठ मिळून हळदीत भिजवलेला सुती दोरा गुंडाळला. वर घट्ट गाठ मारली.

"आता ने," त्या प्रतापरावांना म्हणाल्या. "म्यानाबाहेर काढला नाहीस म्हणजे झालं. उद्या नदीवर अंघोळ करून हळूच गाठ सोड. तोडू नको हं. रघूच्या नावानं बांधलाय. दोरा तुटला तर त्याच्या जिवावर येईल."

"सरी, तसंच करतो," प्रतापराव म्हणाले. बाहेर जीपच्या चाकांखाली लिंबं चिरडली, कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटून फुटला, आणि आम्ही निघालो.

ऊन उतरायच्या आत संगमावर पोचलो. पावसाळा नुकताच सरला होता. कावेरी तांबडी, फुगलेली, खडकांवर डोकं आपटत धावत होती. असं पाणी मला आवडतं. मधोमध एक काळा खडक होता. रघूनं सदरा काढला आणि म्हणाला, "त्या खडकापर्यंत जाऊन येतो."

"आज नको," वसुमती म्हणाली. "ओढ फार आहे."

"जाईल तो," प्रतापराव म्हणाले. त्यांनी जीपमधला काथ्याचा दोर काढला, एक टोक रघूच्या कमरेला आवळलं आणि दुसरं काठावरच्या मत्तीच्या झाडाला. "आता कुठं वाहून जातोस बघू."

"कमरेला बांधू नका हो," वसुमती म्हणाली. "ओढीत बांधलेला माणूस वर येत नाही, खाली जातो. आमच्या नदीवर पाहिलंय मी. सुटा असला तर पुढं वाळूला लागेल तरी."

"तू गप्प. त्याला काय करायचं ते मला कळतं."

रघू पाण्यात शिरला. सुरेख पोहत होता. खडक हाताशी आला, हात घसरला आणि धारेनं त्याला उचलून खाली फेकलं. दोर संपला, झाडाला हिसका बसला. तिथंच रघूचं डोकं पाण्याखाली गेलं. एकदा वर आलं, तोंड उघडलं, पुन्हा गेलं. नदी त्याला पुढं ओढत होती आणि दोर मागं. दोघांच्या मध्ये पाणी त्याच्या अंगावरून जात होतं.

प्रतापराव सगळी ताकद लावून दोर ओढू लागले. हातांची सालं निघाली. ते जितकं ओढत तितका रघू खाली जात होता. ते झाडाकडे धावले, पण ताणानं तिथली गाठ दगड झाली होती.

"दोर तोडा," वसुमती ओरडली. तीच जीपकडे धावली, मला उपसून आणलं आणि नवऱ्याच्या हातात कोंबलं.

आता ऐका. माझ्या अंगावर काय होतं? सुती दोरा. एखाद्या पोरानं दातानं तोडला असता. डुकराच्या अंगावर धावून जाणाऱ्या त्या माणसानं नुसता हिसका दिला असता तर मी बाहेर आलो असतो, आणि एका घावात काथ्या तुटला असता. मी तयार होतो. आयुष्यात एवढा तयार मी कधी नव्हतो.

प्रतापरावांनी दोऱ्याकडे पाहिलं. "रघूच्या नावानं..." ते पुटपुटले आणि गाठ सोडू लागले. सोललेल्या, ओल्या बोटांनी, माझी गाठ. नख लागेना. रक्तानं दोरा बुळबुळीत झाला. मी आत तडफडत होतो. "तोडा हो," वसुमती किंचाळत होती. "नको, नको, त्याच्यावर येईल," ते म्हणत होते आणि गाठ चाचपत होते. भावावरचा जीवच त्यांना दोरा तोडू देईना.

वसुमतीनं झडप घालून मला हिसकावलं. मूठ एका हातात, म्यान दुसऱ्या हातात, आणि असा झटका दिला की दोरा तटकन तुटला. पुढचा घाव तिनं काथ्यावर घातला. दोर सापासारखा सळसळत नदीत गेला.

रघू सुटला. धारेनं त्याला पुढच्या वळणावर वाळूत नेऊन ठेवलं, तिनं सांगितलं होतं तसंच. ती दोघं तिथं पोचली तेव्हा तो पालथा पडला होता. वसुमतीनं त्याच्या पाठीवर बसून पाणी काढलं, छातीवर बुक्क्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. ऊन जाईपर्यंत ती थांबली नाही. रघू काही उठला नाही.

प्रतापराव मला घेऊन त्या मत्तीच्या झाडावर तुटून पडले. ढलप्या उडाल्या, चीक उडाला. झाडाचा काय दोष? पण मीही थांबलो नाही, मलाही कुणाला तरी मारायचंच होतं. एक घाव चुकून दगडावर बसला आणि माझ्या पात्याला खांडे पडले. मग त्यांनी आपला उजवा पंजा त्याच दगडावर ठेवला आणि डाव्या हातानं मला उचललं. मला कळलं ते काय करणार आहेत. वसुमतीनं त्यांच्या कोपरावर लाथ मारली. मी वाळूत जाऊन पडलो.

"हा हात तोडून तो येणार आहे का?" ती म्हणाली, आणि तिथंच दोघं रडली. त्या बळकट माणसाला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

परत येताना मी जीपच्या सीटखाली होतो. अंगणात रघूला उतरवल्यावर कस्तुराबाईंनी आधी हंबरडा फोडला, कसं घडलं ते ऐकलं आणि मग विचारलं, "मच्चू होता ना बरोबर? दोर वेळेत का नाही तोडलास?"

वसुमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रतापराव म्हणाले, "घाबरलो, आई. हात उचललाच नाही."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड उचललं. ती त्यांना मारत सुटली, खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. भुवई फुटली. लोक धरायला धावले तर प्रतापरावांनीच त्यांना हातानं थांबवलं. एरवी जो हात कुणावरही उठला असता, तो त्या दिवशी खालीच राहिला. "भावाला मारलंस," ती म्हणत होती, आणि ते मान हलवत होते.

मला माळ्यावर टाकलं गेलं. तिथून खालचं सगळं ऐकू येतं. कस्तुराबाईंनी पुढं मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. अंथरुणाला खिळल्या तरी ते भांडं घेऊन आले की तोंड फिरवायच्या. एका दुपारी वसुमतीला राहवलं नाही.

"सांगा त्यांना खरं. किती दिवस हे?"

"नको," प्रतापराव म्हणाले. "तिनं मला मारलं तर मी जगेन. दोऱ्याचं कळलं तर ती स्वतःला मारील."

मी रागीट खरा, पण त्यांच्यावर धरलेला राग मी तेव्हा सोडला. गेल्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. शेवटपर्यंत तिला कळलं नाही.

परवा खंडे नवमी झाली. खाली हत्यारं मांडली होती, उदबत्तीचा वास येत होता. प्रतापराव शिडी लावून माळ्यावर आले. त्यांचे केस पिकले आहेत. त्यांनी मला खाली नेलं, अंगणात कानस घेऊन बसले आणि खांडे निघेपर्यंत घासलं. मग मला वसुमतीपुढं धरलं.

"नारळ सोलून घे," ते म्हणाले.

"आज नवमी आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तिनं मला घेतलं. नारळ सोलता सोलता ती एकदा थांबली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा कामाला लागली. प्रतापराव शेजारी बसून शेंड्या गोळा करत होते. आता मी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो, उघडा, धार लावलेला.

तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला हळदकुंकू जरूर लावा, नमस्कार करा, आम्हाला ते वाईट वाटत नाही. फक्त हाताशी ठेवा, आणि कुणी बुडत असेल तर मुहूर्त बघू नका. रघूला मी वाचवू शकलो असतो, एवढंच मला सांगायचं होतं. येतो मी. धारेला हात लावू नका.