फौजदार इंगवल्यांची बायको

महावीर अकिवाट्यांच्या रहस्यकथांतला फौजदार इंगवले अडतीस पुस्तकं एकट्यानं लढला. एकोणचाळिसाव्या पुस्तकावर अकिवाट्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात 'आणि आदिती अकिवाटे' असं छापून आलं आणि कोल्हापुरात गहजब झाला. लोकांचं खरंच नवल वाटतं. फौजदार मेला असता तर त्यांनी सुतक पाळलं असतं. पण त्याला पोरीचा हात लागला म्हटल्यावर आपल्याला कुणीतरी ठकवलं असंच त्यांना वाटलं.

आदिती ही अकिवाट्यांची, म्हणजे अण्णांची, एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात लुळाच राहिला आणि आठवणीला भोकं पडली. सकाळचं दुपारी आठवायचं नाही. जुन्या पुस्तकांतला खुनी कुठल्या पानावर सापडला ते मात्र तोंडपाठ. "मी सांगतो, तू लिही," ते म्हणाले. ते सांगणं चार दिवसांत आटलं. मग आदितीनंच पुस्तक लिहिलं आणि रोज त्यांना वाचून दाखवलं. अण्णा मान डोलवत म्हणायचे, "बघ, अजून धार हाय का न्हाई माझ्या लिखाणाला?" ती हो म्हणायची. त्यांचा हा समज टिकावा एवढं एक तिला हवं होतं, आणि दुसरं म्हणजे मुखपृष्ठावर आपलं नाव. लेखिका व्हायचं तिच्या मनात शाळेपासून होतं आणि आता चाळिशी आली होती.

नववं प्रकरण तेवढं खरोखर अण्णांचं. एका दुपारी ते न अडखळता सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. त्यात इंगवले अंधार पडल्यावर घरी येतो. त्याची बायको शकू दारातच म्हणते, "दिवस बुडाला की. आता ताट वाढायची न्हाई मी. बसा उपाशी सकाळपतोर." आणि त्याची वाट बघत स्वतःही न जेवलेली ती बाई रात्रभर त्याच्याशेजारी बसून राहते.

टाइप करताना आदितीचे डोळे भरून आले. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा अकिवाट्यांच्या जैन घरातला नेम. इंगवले पडला मराठा गडी, रात्री बाराला कोंबडी हाणणारा. अण्णांनी जन्मात अंडं शिवलं नव्हतं, पण वाचक कोल्हापूरचे म्हटल्यावर फौजदाराला नीट खाऊ घालणं भागच होतं. शिवाय शकूला त्यांनीच एकोणिसाव्या पुस्तकात मारून टाकलं होतं. दारातली ही बाई शकू नव्हतीच. ती दोन वर्षांमागं गेलेली राजमती होती, आदितीची आई. तसंच बोलणं, तसंच फणकारणं, तसंच शेजारी येऊन बसणं.

प्रकाशकानं पुस्तक वाचलं नाही. तो कधीच वाचत नाही. चूक दिसली होती ती फक्त आदितीला. पण ते प्रकरण तिला कापवलं नाही. आई घरात परत आली होती, तिला पुन्हा कुठं बाहेर काढायचं?

अण्णांचा एक जुना रिवाज होता. वर्तमानपत्रातल्या परीक्षणांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मंगळवार पेठेतल्या वाचनालयात वाचक समासात पेन्सिलीनं शेरे मारतात, तेच खरं परीक्षण, असं ते म्हणायचे. पुस्तक येऊन महिना-दीड महिना झाला की तिथं जायचं, ती प्रत मागायची आणि शेरे वाचायचे. यंदाही त्यांनी जायचं काढलं. आदल्या दिवशी आदिती पर्समध्ये खोडरबर घेऊन एकटीच वाचनालयात गेली.

समास काळे झाले होते. 'पोरीनं वाट लावली.' 'बापाच्या नावावर पोट भरण्याचे धंदे.' 'पंचगंगेच्या घाटावरचा पाठलाग अण्णांचाच. पोरीच्या बापाला जमेल, पोरीला न्हाई.' तो पाठलाग तिनं तीन वेळा फाडून लिहिला होता. तिला हसू आलं आणि मग रडूही आलं. हे शेरे तिनं तसेच ठेवले. नवव्या प्रकरणातले, शकूबद्दलचे तेवढे खोडले. एक मात्र कुणा शहाण्यानं बॉलपेननं लिहिला होता. तो घासून घासून पान विरलं, पण अक्षर जाईना.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल पूर्णिमाताईंनी अण्णांना खुर्ची दिली आणि पुस्तक पुढं ठेवलं. सुरुवातीला अण्णा खुशीत होते. घाटावरच्या पाठलागाचा शेरा त्यांनी मोठ्यानं दोनदा वाचला. पुढं नवव्या प्रकरणाशी येऊन ते थांबले.

"शकू एकोणिसाव्या भागात मेली. हे भूत कुठनं आलं? सहलेखिकेनं आधीची पुस्तकं तरी वाचावीत," त्यांनी वाचलं. मग आख्खं प्रकरण ओळीवर बोट ठेवून वाचलं. आदिती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी होती. त्यांना काही आठवतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

"हे कवा घुसडलंस?" अण्णा म्हणाले. "शकूला मी मारलीया. आणि दिवस बुडाला म्हणून जेवाण न्हाई? इंगवल्याच्या घरात?"

टेबलापाशी बसलेले दोघं-तिघं पेपर खाली करून बघू लागले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"चुकलं माझं, अण्णा."

"चुकलं म्हणून भागतंय व्हय? चाळीस वर्सं लोकांनी माझ्यावर इस्वास टाकलाय. पुढच्या पुस्तकावर तुझं नाव नको. मी एकटाच लिवतो. आणि दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण काढून टाकायचं."

पुढचं पुस्तक निम्मं लिहून झालं होतं, तेही तिनंच लिहिलेलं.

"नाव काढा माझं. पण प्रकरण राहू दे."

"का?"

"माझ्यानं ते कापवत नाही."

अण्णांचा राग ओसरला. एवढं हिडीसफिडीस केल्यावर त्यांना लेकीची दयाच आली असावी.

"नवशिक्यांचं असंच असतंय बघ," ते समजुतीनं म्हणाले. "स्वतःचं लिवलेलं कापवत न्हाई. शिकावं लागतंय. हिकडं ये, दावतो."

त्यांनी पूर्णिमाताईंकडून पेन्सिल मागून घेतली. राजमती दारात उभी होती त्या पानावर, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं, ते दाबून रेघ ओढू लागले. पुस्तक सरकायला लागलं. त्यांचा डावा हात मांडीवर तसाच पडून होता, म्हणून आदितीनं वाकून ते पान दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.