सात नंबरची डिश

तिने सात नंबरची डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळे लावले आणि ती तशीच बसून राहिली. शेजारच्या टेबलावर तिची जोडीदारीण काचा पुसत होती. दोघी बरीच वर्षं याच खोलीत काम करत होत्या आणि एकमेकींच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार ओळखून होत्या.

"परत सात नंबर?" जोडीदारणीने विचारलं.

"हं."

"बाकीच्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

ती हसली नाही. काचेखाली मेंदूच्या पेशी पसरल्या होत्या. फांद्या आखडलेल्या आणि प्रत्येकीच्या पोटात पिवळसर कणांचा ढीग. हा पेशीचा केर. अंगातल्या बऱ्याचशा पेशी दुभंगतात तेव्हा साठलेला केरही दोघींत वाटला जातो, भार हलका होतो. मेंदूच्या पेशीच्या नशिबी वाटण्या नाहीत. जन्मभर एकच बिऱ्हाड. उमेदीच्या काळात ती आपला केर आपणच जिरवते. वय झालं की हात चालत नाहीत, आणि केर कोपऱ्याकोपऱ्यात साठत जातो. ते ढीग बघून पेशी किती थकली आहे हे सांगणं, हे तिचं काम.

या पेशी कुणाच्या डोक्यातून काढलेल्या नव्हत्या. जिवंतपणी आपलं डोकं कोण उघडू देईल? दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची आणि तिच्यातल्या पेशींना वळण लावून मेंदूच्या पेशी बनवायच्या. गंमत अशी की या रीतीने वेश पालटला तरी पेशीला वय लपवता येत नाही. म्हाताऱ्या माणसाची पेशी म्हातारीच राहते. विस्मरणाच्या आजाऱ्यांशी ताडून बघायला धडधाकट माणसंही लागतात, आणि तक्रार न करता दंड पुढे करणारी धडधाकट माणसं प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत आयती सापडतात. तशी तीही सापडली होती, स्वतःचा दंड देऊन. नंतर ती आईलाही घेऊन आली. आईचं विसरणं तेव्हा किल्ल्या आणि चष्म्याच्या पुढे जाऊन शेजाऱ्यांच्या नावांपर्यंत पोचलं होतं.

"घे बाई, तशीही सुटलीच आहे कातडी," असं म्हणत आईने दंड पुढे केला होता, आणि कातडी काढणारा डॉक्टरसुद्धा हसला होता.

डिशवर फक्त नंबर. कुणाची कुठली ते प्रयोगशाळा चालवणाऱ्या एकट्या सरांना ठाऊक. माणूस कळला की डोळा पक्षपात करतो, हा तिथला पहिला नियम. नव्या लोकांकडून तो घोकून घेण्याचं काम तिचंच, आणि तो मोडला होता तोही तिनेच, मनातल्या मनात. सात नंबर पहिल्यांदा बघितली तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, ही आई.

तेव्हापासून त्या डिशमधलं पोषक पाणी बदलताना तिचा हात हलका होई. सकाळी झाकण उचलताना ती पुटपुटे, "काय म्हणतेस?" घरी आईने गॅस चालूच ठेवला, तेच तेच विचारलं, तरी आता तिला राग येत नसे. एवढा केर पोटात घेऊन ती बिचारी तरी काय करणार! चार नंबरची डिश मात्र लख्ख होती, फांद्या ऐसपैस पसरलेल्या. ती आपली असावी असं तिला गुपचूप वाटे. वाटलं की बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाज वाटे.

दुपारी सरांनी नंबर उघडले. आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा आणि ज्याचा साफ चुकेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा, अशी तिथली जुनी रीत. तिच्यावर चहाची पाळी सहसा येत नसे.

"सात नंबर सत्तरीच्या पुढची बाई," ती म्हणाली. "विसराळूपणा बराच पुढे गेलेला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आज चहा तुम्ही करा," ते जोडीदारणीला म्हणाले. ती निमूट उठून गेली. आपल्याला बाहेर काढलंय हे तिच्या लक्षात आलं, म्हणून चूक कुणाची हे तिने विचारलं नाही.

"सात तुमची आहे," सर म्हणाले.

"डिशा बदलल्या असतील."

"मलाही तेच वाटलं. पुन्हा तपासून घेतलं. बदललेल्या नाहीत."

"आणि आई?"

"चार. त्यांच्या विसरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं."

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिने अजून पन्नाशीही गाठली नव्हती.

"हे बघा, एका डिशवरून माणसाचं भविष्य सांगता येत नाही. तुम्हीच सगळ्यांना सांगता हे."

"हो," ती म्हणाली. "मीच सांगते."

घरी पोचली तेव्हा आई पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. आईच्या डोक्यातून बरंच काही गळून गेलं होतं, पण एक प्रश्न तेवढा चिकटून राहिला होता.

"त्या कातडीचं काय झालं गं?"

"निकाल आला. तुझ्या पेशी ठणठणीत आहेत. एकदम तरण्या."

"माझं मेलीचं काय घेऊन बसलीस? मी पिकलं पान. तुझ्यात उतरलं नाही ना हे? त्यासाठीच तर दंड दिला मी."

हे तिला माहीत नव्हतं. आपण हट्ट केला म्हणून आई आली, असंच ती इतके दिवस धरून चालली होती.

"नाही उतरलं," ती म्हणाली. "माझ्याही छान आहेत."

"सुटले बाई!" आईने टॉवेल छातीशी धरला. मग त्याची घडी घातली, दुसरा घेतला, आणि मान वर करून विचारलं, "त्या कातडीचं काय झालं गं?"

तिने पुन्हा तेच सांगितलं. आई पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा ती आईसमोर पलंगावर टेकली. दुपारपासून जे कुणालाच सांगता आलं नव्हतं ते जिच्याजवळ बोलून टाकावं असं एकच माणूस होतं, आणि ते समोर बसलं होतं. बोललेलं इथे टिकणार नव्हतं.

"माझ्या थकल्यात, आई. तुझ्यापेक्षा जास्त. मला फार भीती वाटते."

आईने टॉवेल खाली ठेवला. लेकीचा हात ओढून घेतला, दंडावरचा तांदळाएवढा वण शोधला आणि त्यावर अंगठा ठेवला.

"मी आहे ना," ती म्हणाली. "घाबरायचं नाही."

ती रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून. मग उठली, तोंड धुतलं, दिवे लावले, जेवण गरम करून ताटं मांडली. परत आली तर आई घातलेल्या घड्या मोडून नव्याने घालत होती. चेहरा कोरा होता. गेलं एकदाचं, असं वाटून तिला हायसं वाटलं.

"चल, जेवून घेऊ."

आई उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळून तिच्याकडे बघत राहिली.

"काय झालंय गं?"

"कुठे काय?"

"मला आठवत नाही," आई म्हणाली. "पण काहीतरी झालंय. तुझंच आहे काहीतरी."

"काही नाही, आई. सगळं छान आहे."

आईने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. ताटावर बसताना तिने आपली खुर्ची लेकीच्या खुर्चीला लावून घेतली, डाव्या हाताने तिचा दंड धरला, आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही.