मागचं दार

प्रयागबाईने वाफाळत्या पोह्यांची बशी पुढे केली, तेव्हाच भागिरथेच्या मनात पाल चुकचुकली. नवरा वारल्यापासून या जावेने तिला कधी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला नव्हता.

"खा नं बाई, थंडे होऊन राह्यले," प्रयागबाई म्हणाली.

मग दीर पुंजाजी ओसरीवर येऊन टेकला. तोही गोडच.

"वयनी, शेलूबाजारले तलाठी म्याडम बसल्या हायेत. अतिवृष्टीची मदत आली. वावर सामाईक, तं तुमचा संमतीचा अंगठा लागते. सारे पैसे माह्या खात्यात येतीन. तुमाले कायले बँकेचा ताप?"

कामापुरता मामा म्हणतात तो हाच! नाल्याकाठचं सोयाबीन कुजलं ते दोन्ही हिश्शांचं. निम्मं वावर भागिरथेच्या नावावर होतं, म्हणजे निम्मी मदतही तिचीच. तेवढ्यात तिच्या लेकीचं, निकिताचं, कारंज्याच्या वसतिगृहातलं वर्ष निभावलं असतं. पण पुंजाजीही वावरात राबला होता, हे खोटं कसं म्हणावं? शिवाय पोह्यांवर ओलं खोबरं होतं. माणूस मायेला भुकेला असला की लवकर विरघळतो.

"येतो," ती म्हणाली.

पुंजाजी धुतलेली टोपी घालून निघाला. प्रयागबाईने त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. भागिरथा पदर सावरत पुढल्या दाराकडे वळली, तशी जाऊ लगबगीने म्हणाली, "बाई, तुमी मांगच्या दारानं जा. हे शुभ कामाले निघाले, आडव्या नका येऊ."

तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. घरची रीतच तशी होती. पेरणीला तिफणीची पूजा व्हायची, तेव्हाही विधवा भागिरथेला गोठ्यात बसवत. आजवर ती मुकाट्याने बसली होती. आज मात्र मागच्या खोलीत तिचे पाय थबकले. जे काम तिच्यावाचून अडलं होतं, त्याच कामाला तिचं तोंड चालत नव्हतं! तिने आपली पेटी उघडली, बँकेचं पासबुक काढून कमरेला खोचलं आणि मग मागच्या दाराने बाहेर पडली.

शेलूबाजारला तलाठी वैभवीताईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"राजीखुशीने देता ना, मावशी?"

"हो हो, घरचंच हाय," पुंजाजीच बोलला.

भागिरथेने मूठ मिटली. "म्याडम, माह्या हिश्शाचे पैसे माह्याच खात्यात टाका." तिने पासबुक टेबलावर ठेवलं.

"वयनी! लोक पाहून राह्यले. घराची इज्जत काढता काय?"

"तुमच्या मेहनतीचं मी बुडवणार नाई, भावजी. घरी बसून बोलू. पण माहं तोंड अशुभ म्हणून तुमी मले मांगून धाडलं. मंग माहा अंगठा शुभ कसा झाला?"

पुंजाजी टोपी काढून हातात फिरवत राहिला. वैभवीताईंनी पॅड बाजूला केला आणि पासबुक उघडलं.

भागिरथा बाहेर आली, तेव्हा पायरीवर शेजारच्या गावची रुपाबाई बसली होती. तिचंही कपाळ मोकळं. तिचा दीर काम उरकून चहाला गेला होता आणि ती अंगठ्याची निळी शाई पदराला पुसत होती. आतलं सगळं तिने ऐकलं होतं.

"बाई," तिने दबल्या आवाजात विचारलं, "देल्ला अंगठा वापस घेता येते काय?"

भागिरथेला ते ठाऊक नव्हतं. तिने रुपाबाईचा हात धरला. "इचारून तं पाहू. चाल, मी हावो तुह्यासंग."

दारात पुंजाजी उभा होता. तो बाजूला सरला, आणि दोघी पुढल्या दाराने आत गेल्या.