चोरीची नाचणी

सहा दिवस सकुबाईचं पोट साफ झालं नव्हतं, आणि तोंड मात्र घटकाभर बंद नव्हतं. शिव्या सगळ्या सुनेला. पोट आपलं, दुखणं आपलं, तरी खापर रुपाच्याच डोक्यावर! असतात बाई अशा सासवा. परसाकडला झाली नाही तरी सुनेनंच अडवली म्हणतात.

रुपा मुरबाडकडच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची. प्रज्वलनं तिच्याशी लग्न केलं त्या दिवशी सकुबाईनं एकाच घरात दोन चुली मांडल्या. वर्ष झालं, सुनेच्या हातचा घास तिनं तोंडात घातला नव्हता. प्रज्वल बिचारा पहाटे आसनगाव स्टेशन गाठायचा आणि अंधार पडल्यावर परतून दोघींची बोलणी खायचा.

शेवटी त्यानंच आईला शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आजी, जेवता काय?"

"पांढराशुभ्र भात. दोन टाइम. मधे च्या-टोस."

हे तिनं ऐटीत सांगितलं. गिरणीवाल्याला ती दर खेपेला दटावायची, "डबल पॉलिश मार रे, मोगऱ्यासारखा निघाला पायजे!" कोंडा सगळा म्हशीला. म्हैस कशी तुकतुकीत, आणि मालकीण पोट धरून बसलेली.

"तो भात कमी करा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "टोस्ट बंद. नाचणीची भाकरी, पालेभाजी खा, आणि पाणी भरपूर प्या. चार-पाच दिवसांत फरक पडेल."

नाचणी! सकुबाईच्या सासूनं नाचणी खाऊनच सात पोरं वाढवली होती, पण हातात पैसा आल्यावर ते कोण आठवतो? गेलं वर्षभर ती बोअरिंगवर पाणी भरताना बायांना सांगत होती, नाचणी वाडीवरचे खातात. आता दुकानातून आणली, तर सगळं किन्हवली गाव हसेल.

घरात नाचणी होती, पण सुनेच्या चुलीकडे.

दुसऱ्या दिवशी रुपा शेतावर गेली, आणि सकुबाईनं तिच्या टोपल्यावरचं फडकं उचललं. भाकऱ्या होत्या, टाकळ्याची भाजी होती. तिनं उभ्या उभ्याच दीड भाकर हाणली, वर दोन तांबे पाणी प्यायली. पुढचे तीन दिवस तेच. पाचव्या दिवशी सकाळी पोट असं मोकळं झालं, की तिला नाचावंसं वाटलं.

नाचली असती तरी चाललं असतं. ही बया गेली बोअरिंगवर आणि हंडा टेकवून म्हणाली, "पोट मोकळं झालं ते गावठी तुपानं आन् गरम दुधानं, दुसरं काय नाय गो! वाडीवालीच्या हातचं तर पाणीसुदीक माझ्या नरड्याखाली उतरत नाय." मागे रुपा कळशी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, कळशी भरली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी टोपलं रिकामं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पोट पुन्हा दगड झालं, आणि सकुबाई सुनेच्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली.

"भाकऱ्या करत नायस काय गो हल्ली?"

"बरोबर नेते शेतावर," रुपा तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "घरात उंदीर झालेत. दोन पायांचे."

सकुबाईची कानशिलं तापली. "तुला ठावं होतं?"

"पयल्या दिसापासून. दीड भाकर जास्ती थापत होते मी. आन् तुमी बोअरिंगवर काय बोललात?"

"बोलले ते बोलले. भाकर दे."

"नाय देत."

सकुबाईनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग पोटात अशी कळ आली, की ती मटकन खाली बसली. ज्या पोरीला वर्षभर पाण्यात पाहिलं तिच्यापुढे हात पसरायचा, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रविवारी माझा बा येतोय," रुपा म्हणाली. "त्याच्या पंगतीला बसायचं. मी वाढीन ते खायचं, तेबी दार उघडं ठेवून, गावाला दिसंल असं. मग रोज देते."

"तुझ्या बापाच्या, त्या लखमाच्या पंगतीला? मी? मेले तरी नाय!"

"मग मरा. मेलेल्याला परसाकडला जावं लागत नाय."

तव्यावरची भाकर टम्म फुगली. रुपानं ती काढून दुसरी टाकली. सकुबाई भाकरीकडे बघत राहिली, मग सुनेकडे, मग पुन्हा भाकरीकडे.

"बसेन," ती दातओठ खात म्हणाली. "पण तुझ्या बापाशी मी एक शबुद बोलणार नाय, सांगून ठेवते!"

"नका बोलू." रुपानं गरम भाकर ताटलीत टाकून तिच्याकडे ढकलली. मग पहिल्यांदाच तिनं सासूकडे सरळ पाहिलं. "मी त्याला सांगितलंय, सासू माझ्याच हातचं जेवते. तेवढं खरं करा."