पाठराखण

चष्म्याच्या दांडीतला बारीकसा स्क्रू घट्ट करून तिने चष्मा समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवला. गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका. चष्मा लागताच ती आरशात न बघता हिच्याकडेच टक लावून बघू लागली.

"निळ्या सायकलवाल्या तुम्हीच ना? सरांच्या मिसेस?"

"हो. कसं ओळखलंत?"

"मघाशी पाठमोऱ्या उभ्या राहून कपाट लावत होतात, तेव्हाच." शिक्षिका हसली. "पाच आठवडे रोज सकाळी तुमची पाठच तर बघतेय. सर माझा ड्रायव्हिंगचा क्लास तुमच्या मागेच घेतात. अजून दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीये मी. परीक्षा आठवड्यावर आलीये हो. त्यांना जरा सांगाल का?"

सांगते, असं ती म्हणाली.

पाच आठवडे! म्हणजे ती सायकलने कामाला यायला लागली त्या दिवसापासून. पहिल्या दिवशी ती घाबरत घाबरतच निघाली होती. पण बस अंगावर आली नाही, रिक्षा घासून गेली नाही, कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. आठवड्याभरात ती रस्त्याच्या कडेची गटारं सोडून चांगली मधून चालवू लागली. दुकानात सगळ्यांना सांगून झालं होतं की लोक उगाच घाबरतात, आपण ठाम राहिलं की गाड्या आपोआप दबून राहतात. धाकट्या जावेला तर तिने सायकल घ्यायलाही लावली होती. आणि गाड्या दबून राहत होत्या त्या हिच्या नवऱ्याच्या शिकाऊ गाडीमागे, लाल अक्षराच्या पाटीला शिव्या देत! सगळं उसनं अवसान. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर 'मागे वळून बघू नकोस, तोल जातो' हा सल्लाही त्याचाच. तिनेही तो इमानेइतबारे पाळला होता.

घरी तो बूट काढत होता. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"माझ्या मागे वरात काढता रोज?"

तो बुटाची नाडी सोडवत राहिला. आधीच सुटलेली होती ती.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या विद्यार्थिनीने. बिचारीला तिसरा गिअर माहीत नाही अजून!"

"अगं, हळू चालवणंच अवघड असतं. तेच शिकवतोय."

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? एक शब्द बोलला नाहीत. मी रोज घरी येऊन शेखी मिरवायची आणि तुम्ही 'वा वा' करायचं!"

"बावीस वर्षं शिकवतोय मी," तो वैतागून म्हणाला. "या रस्त्यावर गाड्या कोण चालवतं ते मला विचार. अर्ध्यांना मीच शिकवलंय!"

एरवी ती हसली असती. आज तिने त्याच्या हातातला बूट काढून घेतला आणि जमिनीवर आपटला.

"उद्या मागे आलात तर सायकल विकून टाकीन. आणि परत कधी सायकलचं नावही काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच पहिला हॉर्न वाजला आणि ती दचकून कडेला गेली. मग हॉर्न थांबलेच नाहीत. एका रिक्षाने कोपराला वारा घातला. एक मोटारवाला खिडकीतून ओरडला, "ओ काकू, घरी बसा की!" चौकात ती उतरली आणि मुकाट्याने सायकल ढकलत फुटपाथवर आली. इथून परत फिरावं, कोण बघतंय? तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच प्रचंड राग आला.

मागे खरंच कोणी नव्हतं. तिने दोनदा बघितलं. त्याने तिचं ऐकलं होतं, याचाही तिला रागच आला.

दहा मिनिटांनी ती पुन्हा सायकलवर बसली. पुढच्या सिग्नलपाशी कडेला एक ट्रक उभा होता. त्याला वळसा घालायला रस्त्याच्या मध्ये जावं लागणार होतं, आणि मागून बसचा आवाज येत होता. तिने मान वळवली. हॅन्डल डगमगलं, पण सायकल पडली नाही. तिने बसच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघितलं, हात बाहेर काढला आणि मध्ये घुसली. बसने कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला, पण वेग कमी केला. ट्रक संपेपर्यंत बस तिच्या मागेच राहिली.

दुकानात पोचल्यावर अर्धा तास तिला एकही स्क्रू बसवता आला नाही.

संध्याकाळी तो दारातच उभा होता.

"कशी आलीस?"

"सायकलने."

"तसं नाही. चौकात काय केलंस?"

"सकाळी उतरले. येताना नाही उतरले."

तो तिच्यामागून स्वयंपाकघरात आला. ती पाणी प्यायली.

"उद्या येऊ का मागे? लांबून?"

"या ना. एवढी काळजी आहे तर सायकल भाड्याने घ्या आणि या."

"सायकलवर? त्या रस्त्याने?" तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. तो खुर्चीत बसला. "नाही जमायचं मला. खरं सांगतो, भीती वाटते." मग हळूच, "तुला नाही वाटत?"

"वाटते ना. मरणाची वाटते," ती म्हणाली आणि मागच्या चाकात हवा भरायला बाहेर गेली.