साडेनऊची फेरी

तिनं रुमाल गार पाण्यात बुडवून पिळला, घडी घालून सासऱ्यांच्या मानेवर ठेवला आणि टोपी त्यांच्या हातात दिली.

"बाटली घेतलीत?"

"घेतली."

"लिंबू-मीठ घातलंय. सावलीसावलीनं जा, बाबा."

"सावली दिसली तर जातो. नाहीच दिसली तर उभा राहून वाट बघतो तिची." त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "भोंगा झोपला ना?"

दहा महिन्यांच्या नातीला हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. भोंगा आतल्या खोलीत पंख्याखाली, हात डोक्यावर टाकून गाढ झोपला होता. सासऱ्यांनी मान हलवली, चपला हातात घेतल्या आणि त्या उंबऱ्याबाहेर गेल्यावरच पायात घातल्या. तिनं दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज होऊ नये म्हणून ती बोटानं धरून हळूच सोडली.

साडेनऊ वाजले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज आत्ताच हाताला चटका देत होता.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं शहरात बस चालवली. चौतीस वर्षं बसून काम. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत छातीत कळ आली, हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली. "ब्रेक नवे टाकलेत, गाडी तीच," असं ते भेटायला येणाऱ्यांना सांगत. डॉक्टरांनी रोज चार हजार पावलं चालायला सांगितलं. मुलानं पावलं मोजणारं घड्याळ आणून त्यांच्या मनगटाला बांधलं, आणि त्यातला आकडा आपल्या बायकोच्या, म्हणजे तिच्या, फोनवर दिसेल अशी सोय करून दिली. तो स्वतः सकाळी आठला कामावर जाई, तो संध्याकाळी सातला उगवे.

चालायची वेळ तिनं ठरवली होती. थंडीचे दिवस होते, साडेनऊचं ऊन अंगावर बरं वाटे. भोंग्याची झोपही साडेनऊचीच, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

मग उन्हाळा आला, आणि पाठोपाठ ही उष्णतेची लाट. गेल्या मंगळवारी दवाखान्यातून फोन आला. तिथली बाई घाईत होती, यादीतल्या सगळ्यांनाच फोन करत असावी. लाट ओसरेपर्यंत बाबांना बाहेर सोडू नका. चालणं मात्र बंद करायचं नाही. घरातच, पंख्याखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दर वीस मिनिटांनी पाणी.

"हो, सांगते," ती म्हणाली.

तेव्हा ते दाढी करत होते. बाहेर आले की सांगू, असं तिनं खरंच ठरवलं होतं. ते बाहेर आले आणि भोंगा वाजला. मग दूध, मग कपडे, मग दिवस. बुधवारी तिला आठवलं ते नऊ पंचवीसला. सासरे टोपी शोधत होते. तिनं टोपी शोधून दिली.

त्या दिवशी पहिल्यांदा तिनं रुमाल भिजवला. गुरुवारी बाटलीत लिंबू पिळलं. शुक्रवारी टोपीला आतून पातळ कापड शिवून दिलं. रोज काहीतरी वाढत गेलं. एक वाक्य तेवढं सांगायचं राहिलं. आता सांगायचं तर कधीपासून माहीत होतं तेही सांगावं लागलं असतं.

बरं, बाबांचा त्रास काडीचा नव्हता. ताट स्वतः उचलत, भोंग्याला खेळवत, भाजीत मीठ नसलं तरी अवाक्षर काढत नसत. पण दोन खोल्यांच्या घरात ते असत. ते खोकले की ती उठे. "मला काही नकोय गं, तू बस," असं ते म्हणत, आणि तेवढ्यासाठीही तिला आधी उभं राहावं लागलेलं असे. साडेनऊ ते साडेदहा तिला कुणी काही मागत नव्हतं आणि कुणी काही नकोही म्हणत नव्हतं. ती मोरीत स्टूल टाकून बसे, घमेल्यात घोट्यापर्यंत पाय बुडवे आणि समोरच्या फरशीकडे बघत राही. बस्स. यासाठी एका माणसाला उन्हात पाठवायचं.

आजही तिनं पाय पाण्यात सोडले. फोन मांडीवर होता. आठशे चाळीस. अकराशे दहा. आकडा पुढे सरकला की तिचा श्वास जरा मोकळा होई. चालताहेत म्हणजे ठीक आहेत.

दारावर टकटक झाली. समोरच्या वहिनी होत्या, हातात लसणाची अर्धी सोललेली पाकळी.

"तुझे सासरे घरात आहेत ना गं?"

"नाही. का?"

"आमचे हे आत्ता खालून आले. बागेच्या फाटकाशी कुणी म्हातारे गृहस्थ पडलेत म्हणे. चक्कर आली उन्हानं. पांढरी टोपी..." वहिनींनी तिचा चेहरा पाहिला. "अगं, कुणीही असेल. टोप्या काय, सगळ्यांच्या पांढऱ्याच."

तिनं फोन बघितला. एक हजार सहाशे बारा. ती बघत राहिली. एक हजार सहाशे बारा.

भोंग्याला तिनं झोपेतूनच उचललं. चपला घालायचं भान राहिलं नाही. तीन मजले ती ओल्या पायांनी उतरली, पोर खांद्यावर हिंदकळत होतं आणि नवलानं गप्प होतं. तळमजल्यावर फाटकाकडे वळणार तोच जिन्याच्या मागून आवाज आला.

"सिग्नल लागलाय, जरा दम धरा. कंडक्टर रजेवर आहे, त्याचंही मलाच बघायचंय."

ती थांबली.

जिन्याखाली पाण्याच्या पंपाशेजारी अंधारी जागा होती. रंगाच्या पालथ्या डब्यावर सासरे बसले होते. टोपी गुडघ्यावर, ओला रुमाल डोक्यावर. उजवा हात समोरच्या हवेतल्या चाकावर ठेवलेला.

"सुटला. चला," ते म्हणाले आणि घड्याळाचा डावा हात त्यांनी झटकन पुढे टाकला. मग मागे. मग पुन्हा पुढे. "पाण्याची टाकी. उतरणारे पुढे या. मागे सरका हो, मागे जागा आहे." गिअर पडत होते, फोनमधला आकडा पळू लागला होता. एक हजार सहाशे तीस. एक हजार सहाशे छप्पन्न.

बागेशी पडलंय ते दुसरंच कुणीतरी आहे, असं तिच्या मनात आलं, आणि कोण्या परक्या म्हाताऱ्याचं उन्हात पडणं आपल्याला एवढं गोड लागावं याची तिला शिसारी आली.

भोंग्यानं आजोबांना ओळखलं आणि हुंकार दिला. हवेतली बस जागच्या जागी थांबली.

"अरेच्चा," सासरे म्हणाले. रुमाल डोक्यावरून काढून ते घडी घालू लागले. "आज लवकर उठला वाटतं."

"तुम्ही रोज इथंच बसता?"

"रोज नाही." रुमालाची घडी झाली होती, ती त्यांनी मोडून परत घातली. "बुधवारपासून."

"पण बुधवारी तर..."

"दवाखान्यातल्या त्या बाईंचा मंगळवारी मलाही फोन आला होता. तुझ्या आधीच. यादीत दोन्ही नंबर आहेत आपले, तुलाही लावते म्हणाल्या."

पंप गुरगुरत होता. तिनं भोंग्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठं बोललीस?"

हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. वेळ विचारावी तसं म्हटलं.

"माझं काय, जागा गार आहे," ते म्हणाले. "हात हलवला की या येड्या घड्याळाला वाटतं मी चालतोय. काल तर मी आगारापर्यंत जाऊन आलो."

तिला हसू आलं, मग ते आकडे आठवले. आठ दिवस ती संध्याकाळी नवऱ्याला आकडे वाचून दाखवत होती. साडेचार हजार, बघ बाबा कसे लागलेत मनावर घेऊन. आठ दिवस हा माणूस एक पाऊलही चालला नव्हता.

फाटकाबाहेरून रुग्णवाहिका गेली. दोघंही तिकडे बघत राहिले. ती कुणाला न्यायला चाललीय हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

वर जाताना प्रत्येक मजल्यावर ते थांबले, म्हणून तीही थांबली. वहिनी दारातच होत्या. "आले का बाई!" म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या. घरात शिरल्यावर तिनं पंखा मोठा केला, भोंग्याला गादीवर सोडलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"बाबा, दवाखान्यातून फोन आला होता. लाट असेपर्यंत बाहेर जायचं नाही. घरातच चालायचं. दर वीस मिनिटांनी पाणी."

"अस्सं?" ते म्हणाले. "कधी आला?"

"गेल्या मंगळवारी."

त्यांनी मान डोलावली, जणू तारीख बरोबर आहे का एवढंच त्यांना पडताळायचं होतं. मग घड्याळ काढून कपाटावर ठेवलं. तिनं जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, दोन खुर्च्या त्यावर उलट्या घातल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आतल्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत सलग वाट झाली. सासरे निघाले. चौदा पावलं, वळण. चौदा पावलं, वळण. भोंगा मान इकडून तिकडे फिरवत बघत होता. मध्येच गादीवर कलंडला आणि तसाच झोपी गेला.

ती ओट्याशी उभी होती. काय हातात घ्यावं तिला कळत नव्हतं. सातव्या फेरीला ते तिच्यापाशी आले, पण थांबले नाहीत.

"एक सांगून ठेवतो," ते पुढे जाता जाता म्हणाले. "चालकाशी बोलू नये, अशी पाटी असते बसमध्ये. मी चालत असलो की इथंही तोच नियम. बोलायचं नाही, उठायचं नाही, काही हवं का विचारायचं नाही. तू जाऊन बस तुझी. पाण्याची वेळ झाली की मीच घेईन."

तिनं मोरीकडे पाहिलं. स्टूल तसंच होतं. घमेल्यातलं पाणी स्थिर झालं होतं. ती दोन पावलं गेली आणि परत फिरली. सासरे कोपऱ्यावरून वळून तिच्याच दिशेनं येत होते, छाती किंचित वर-खाली होत होती, मानेवर घाम होता.

"बाबा, मी..."

त्यांनी चालता चालताच एक बोट वर केलं, डोक्यावरच्या कुठल्याशा पाटीकडे दाखवलं आणि खिडकीपाशी पोचून वळण घेतलं.