शेवंताच्या संगणकातली घंटा

शेवंता आठवते ती आधी घंटेच्या नादातून. म्हसवडकडच्या माळावर तिच्या वडिलांच्या कळपापुढे चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली ती घंटा. उन्हाळ्यातल्या पांढऱ्या, निश्चल दुपारी ती वाजली की जन्मांध शेवंताला कळे, कळप कुठं आहे आणि आपण कुठं आहोत. लग्न होऊन सांगलीला माझ्या घरी आली तेव्हा तिनं तो नाद कॅसेटवर भरून आणला होता.

नव्वदचं दशक सरता सरता तिनं कामासाठी संगणक घेतला. आज्ञा टाइप करायच्या आणि तो खरखरत्या स्वरात अक्षरं वाचून दाखवायचा. संगणकाचा पडदा तिनं शेजाऱ्यांना देऊन टाकला, "फुकट जागा अडवतंय" म्हणून. चालू होताना मात्र यंत्राचा आवाज दरवेळी शून्यावर असे. मग शेवंता मान किंचित कलती करून त्या निःशब्दात आवाज उघडण्याची आज्ञा टाइप करी. ती बरोबर पडली की खूण म्हणून तिनं त्या कॅसेटवरून यंत्रात भरून ठेवलेली मेंढ्याची घंटा वाजे. पहिल्याच टोल्याला ती कळ दाबून थांबवी. अक्षर चुकलं तर नुसती शांतता.

"हे आपोआप होऊ दे की," मी म्हणे.

"नगं. आपलं दार आपल्या हातानं उघडावं." कुणा डोळसाला हाक मारावी लागू नये, एवढाच तिचा हट्ट होता. मलाही ती आज्ञा शिकवायची, "आवं, डोळं मिटा, मग बोटास्नी सुचतंय." मी डोळे मिटायचो आणि चोरून बघायचो. तिला ते कसं कळायचं, देव जाणे.

ती गेली त्या मार्गशीर्षात, कलत्या उन्हात, मी संगणक सुरू केला. मला ती घंटा हवी होती, निदान एकदा. आत पंखा घुमू लागला, बाकी काही नाही. आज्ञा टाइप केली, शांतता. पुन्हा केली; शांतता. यंत्रच मेलं की माझं चुकलं, सांगणार कोण? कळांवरची अक्षरं तिच्या बोटांनी केव्हाच पुसून टाकली होती. मला फार भीती वाटली. मग मी डोळे मिटले, खरोखरच मिटले.

घंटा वाजली. थांबवायला कुणी नव्हतं, म्हणून ती वाजत राहिली, दूर गेली, आणि तिच्यामागून, कॅसेटवरून भरताना नकळत पकडला गेलेला, शेवंताचा आवाज आला, "आवं, आला का आवाज?"

तेव्हा स्वयंपाकघरातून मी काही उत्तर दिलं होतं का, आठवत नाही. "आला, शेवंता," मी म्हणालो. माणूस जातं, त्याचं विचारणं घरात राहतं. उत्तर द्यायला उरलेला सगळा काळ आपल्याजवळ असतो, ऐकायला मात्र कुणी नसतं.